पुढच्या ब्रेकातली हवा

अल्ताफ मिस्त्री खुर्चीत निवांत बसलेला कुणी बघितला असंल, तर त्यानं मला येऊन सांगावं. मंगळवार पेठेत त्याचं गॅरेज आन् माझं मिरची कांडपाचं दुकान भिंतीला भिंत लावून हाय, पर मला तरी तो योग आलेला न्हाय. माणूस चहा फिरत पितो आन् कप दुसऱ्याच्याच गाडीच्या सीटवर ठेवून जातो. ईदला पावण्यांच्या घरी गेला तरी शिरखुर्म्याची वाटी हातात धरून त्यांच्या दाराची कुरकुरणारी बिजागरी तपासतो. त्याची बायको रशिदा म्हणती, "क्रांतीवैनी, ह्यांच्या अंगात इंजान हाय. बंदच होत न्हाय बघा."

उन्हाळ्यात माझं कांडप दिवसभर धडाडतं. अख्खी पेठ वर्षाची चटणी करून न्यायला येती. त्या आवाजात शेजारी घसा फुटंस्तोवर वरडलं तरी कुणाला काय कळत न्हाय. म्हणून ब्रेकातली हवा काढायची अल्ताफची रीतच वेगळी. हे काम दोघांचं. एकानं हँडलवरचा ब्रेक दाबून धरायचा. दुसऱ्यानं खाली चाकापाशी बसून पान्यानं निप्पल, म्हंजे तेल सोडायची बारकी तोटी, ढिलं करायचं, बुडबुड्यासकट तेल नळीतनं बाहेर काढायचं, निप्पल परत आवळायचं, आन् मगच वरच्यानं ब्रेक सोडायचा. बाकीच्या गॅरेजात हे तोंडानं सांगत्यात. अल्ताफ चाकाजवळच्या शॉकअपच्या नळीवर पाना वाजवतो. एक ठोका म्हणजे दाब, दोन म्हणजे सोड. त्याची लेक मुबशिरा लहानपणापासनं ह्या ठोक्यांवर काम करती.

ती नर्स झाली, आन् औंदा तिची नेमणूक झाली आंबा घाटाच्या खाली, एका सरकारी दवाखान्यात. खोली दवाखान्यापासनं लांब, ड्युटी रात्रीची, त्यामुळं गाडी पायजेच. बापानंच तिला जुनी मोटारसायकल नव्यासारखी करून दिली. रविवारी सकाळी निघायचं ठरलं. मलकापूर, मग घाट. शनिवारी बघितलं तर पुढचा ब्रेक बसलेला, तेलात हवा शिरलेली. दाबला की लिव्हर पार मुठीला टेकायची.

बापलेक सकाळीच कामाला लागले. मला वाटलं, चहा व्हायच्या आत उरकतंय. कसलं काय! दुपार झाली तरी नळीत बुडबुडे. अल्ताफनं तेल बदललं, वायसर बदललं, मधीच उठून दोनदा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. परत बसला. परत बुडबुडे. मुबशिराचं मनगट दुखाय लागलं आन् माझं डोकं. नवीन भाग घालायचा म्हटलं तर शनिवारी अर्धी दुकानं बंद.

जेवणाच्या वक्ताला मी कांडप बंद केलं आन् पदरानं डोळं पुसत बाहेर येऊन त्यांच्याजवळ थांबले. तवा कुठं ते ठोके नीट कानावर पडले. टक. निप्पल ढिलं. तेल आलं. टक टक. मुबशिरानं हात सोडला. आन् त्यानंतर पाना फिरला.

"अरे ए मिस्त्री!" माझं टाळकंच सटकलं. "डोकं ठिकाणावर हाय काय? आवळायच्या आधीच सोड म्हणतोयस! हवा भाईर काढतोयस का आत घेतोयस?"

अल्ताफ पान्याकडं बघत बसला. "चुकून झालं असंल, वैनी."

"सकाळपासनं चुकून?" मुबशिरा म्हणाली.

मग तो बोलला, आन् बोलताना उभा राहिला, कारण बसून त्याला बोलताच येत न्हाय. "त्या घाटातनं टेम्पोत घालून आणलेल्या गाड्या मी खोलल्यात. हँडल कसं वाकलंय बघितलं की माणूस कसा पडला ते मला कळतंय. मी स्वतः तो घाट कधी बघितला न्हाय, ह्या गाड्याच बघितल्यात. मला भ्या वाटतंय. हात ऐकंना झालाय माझा."

"मग जाऊ नको म्हणायचं सरळ! ब्रेकात कशाला हवा भरताय?" मुबशिरा उसळली.

"म्हटलं तर थांबशील?"

"न्हाय," ती म्हणाली. "हा ब्रेक झाला न्हाय तर मागच्या एकाच ब्रेकवर जाणार. तुम्हीच ठरवा अब्बा."

काय पोरगी हाय! अल्ताफचं तोंड उतरलं. तो गुमान चाकापाशी बसला. ह्या खेपेला ठोका, निप्पल, आवळणं, मग दोन ठोके. थोड्या वेळात बुडबुडे थांबले आन् लिव्हर कडक झाली. "चक्कर मारून बघतो," म्हणाला, हेल्मेट घातलं आन् गेला.

गेला तो गेलाच. रशिदानं वाढलेलं ताट गार पडलं. फोन वाजायचा, उचलायचा न्हाय. मुबशिरा आत-बाहेर करत म्हणायची, "गाडी कुठंतरी दडवून ठेवली असणार, बघा तुम्ही काकी." मला बी आधी तसंच वाटलं. पर उन्हं उतराय लागली तशी मी कांडप सोडून सारखी रस्त्याकडं बघाय लागले. ब्रेकात हवा राहिली असली तर? ज्यानं दिवसभर मुद्दाम न्हाय पर चुकीचं काम केलं, त्याच ब्रेकवर तो गेलाय! रशिदा दारातनं हलंना. माझ्या हातनं एका गिऱ्हाइकाच्या चटणीत दुसरीचंच मीठ पडलं, तिनं चार शब्द सुनावले, मी बी सुनावले.

सांजच्याला फोन आला. मुबशिरानं स्पीकर लावला. वारा नुसता घोंघावत होता.

"घाट उतरलो," अल्ताफ म्हणाला. "ब्रेक लागतोय. एकदम झ्याक लागतोय."

"कुठं हायसा तुम्ही?"

"तुझ्या दवाखान्यासमोर. गाडी हितंच लावतो. तू उद्या एसटीनं ये."

रशिदा दारातच मटकन बसली आन् रडाय लागली. माणूस समोर असता तर मी मुसळ घेतलं असतं हातात. मुबशिराचे बी डोळे भरले, पर आवाज हलला न्हाय. "गाडी परत आणा, अब्बा. घाट मीच उतरणार."

"वळणं लई वंगाळ हायती गं."

"तुम्ही उतरलासा न्हवं? दिवसभर हात ऐकत न्हवता तरी उतरलासा. मी बी उतरीन."

पलीकडं एक ट्रक गेला. मग दुसरा गेला.

"मग मी मागं बसणार," अल्ताफ म्हणाला. "येताना एसटीनं येईन."

"बसा. पर गप बसायचं."

"व्हय," म्हणाला.

रात्री उशिरा अल्ताफ गाडी घेऊन परत आला, आन् सकाळी दोघं निघाले. मुबशिरा पुढं, अल्ताफ मागं, मधी कपड्यांची पिशवी. रशिदानं दोघांच्या बी हेल्मेटचे पट्टे स्वतः ओढून बघितले. कोपऱ्यावर रिक्षा आडवी आली तशी मुबशिरानं ब्रेक दाबला आन् गाडी जागच्या जागी उभी राहिली. बघते तर मागं अल्ताफचा उजवा हात हवेत, मूठ करकचून आवळलेली. तो बी ब्रेक दाबत होता.

"अल्ताफ, हात खाली घे की!" मी वरडले. रिक्षा गेली, गाडी निघाली, वळणावरनं दिसंनाशी होईस्तोवर त्याची मूठ तशीच होती.