रत्नप्रभा पेडणेकरांचं अळू

६ ऑगस्ट २०२५. कीटकनाशक फवारणीचे २,८३२ रुपये सोसायटीच्या खात्यातून गेले. खजिनदार म्हणून चेकवर सही माझी. तक्रार रत्नप्रभा पेडणेकरांची.

रत्नप्रभा लग्न होऊन वेंगुर्ल्याहून लालबागला आल्या. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर साड्यांना फॉल लावून दोन मुली शिकवल्या आणि पुढे मुलुंडला आमच्या इमारतीत आल्या, त्या गावचे अळूचे कंद घेऊनच. ऋषिपंचमीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, त्यामुळे मागच्या अंगणातल्या त्यांच्या वाफ्यातलं अळू मागायला सगळी इमारत यायची. त्या दिवशी रत्नप्रभा दारात खुर्ची टाकून बसायच्या.

मग तळमजल्यावर शुभा गोखले राहायला आल्या. त्यांनी शेजारीच वाफा केला, ओला कचरा कुजवून घातला. गेल्या वर्षी बायका तिकडे वळल्या. शुभाताईंच्या अळूची पानं ताटाएवढी. रत्नप्रभांना अन्न गोड लागेना.

एका सकाळी त्यांनी शुभाताईंच्या वाफ्यातलं कुजकं पान उचललं, तर खालून टाचणीच्या टोकाएवढे पांढरे जीव टणाटण उडाले. त्या तडक माझ्याकडे.

"पिसवा झाल्यात तिच्या मातीत! आणि लोक तिचं अळू खातात!"

फवारणीवाला आला तेव्हा शुभाताई वाफ्यापुढून हलल्याच नाहीत.

"मग माझ्या वाफ्यात मार रे," रत्नप्रभा म्हणाल्या. "दोनदा मार. हिच्या पिसवा मला नकोत."

तिसऱ्या मजल्यावरची गार्गी प्राणिशास्त्र शिकते. आठवड्याने तिने दोन्ही वाफ्यांची माती चाळणीत घेतली, वर बल्ब लावला, खाली बाटली ठेवली. उष्णता टाळायला मातीतले जीव खाली सरकतात. शुभाताईंच्या बाटलीत वळवळ. रत्नप्रभांच्या बाटलीत काहीच नाही.

"काकू, या पिसवा नाहीत, हे स्प्रिंगटेल. बुरशी, कुजका पाला खातात. माती विषारी झाली की हे मरतात. तुमचे मेले. हे अळू यंदा खाऊ नका."

"म्हणजे हिची माती माझ्यापेक्षा चांगली?"

"देऊ का दोन पिसवा?" शुभाताई म्हणाल्या.

ऋषिपंचमीला सगळ्या शुभाताईंकडे गेल्या. रत्नप्रभांनी दिवसभर दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी वाफ्यातली माती उपसून गोण्यांत भरली, नवी आणून घातली आणि शुभाताईंचं दार वाजवलं.

"विरजण देतेस तशी वाटीभर माती दे गो. तुझी ऐट बघूक नाय इलंय."

"पिसवांसकट?"

"पिसवांसकटच दे!"

आता रोज सकाळी त्या आधी आपल्या वाफ्यातलं पान उचलून बघतात, मग शुभाताईंच्या. तिकडे अजून जास्त उडतात, म्हणून चहा कडू होतो.

शुभाताईंची स्टीलची वाटी अद्याप परत गेलेली नाही.