दसऱ्याआधी राहिलेले चार नट

दोष तात्याचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटाला कुणी "जाऊ दे रे, मोठे आहेत" म्हणत मधी पडायला नको. तात्या म्हणजे माझा थोरला चुलता. गाडी त्याची, घर त्याचं आणि आवाज पण त्याचाच!

जुनं डिझेल इंजिन अंगणात उघडलं की नट डब्यात पडतात आणि किस्से गावात. नट मी मोजून परत बसवले. किस्से अजून सांडलेलेच आहेत. त्यातले थोडे उचलतो.

०

तात्यानं ती गाडी वीस वर्षं हाणली. लग्नं, बाजार, इलेक्शन, सगळीकडं. एवढ्या काळात इंजिनातलं तेल एकदाही बदललं नाही. मी विचारलं, "तात्या, तेल कावून बदललं न्हाई?"

"बदलायचं कशाला? खालून गळतंय, वरून मी टाकतो. आपोआप बदलतंय की!"

खालचं चेंबर सोडलं तर आत तेल नव्हतंच. काकवी होती! मी ती उलथन्यानं खरवडून काढली. तात्या खाटेवर बसून बघत होता. म्हणाला, "बघ किती घट्ट ऱ्हायलंय. आताच्या तेलात हाय का असा दम?"

०

पण हे उघडलं कशाला, ते सांगायचं राहिलं.

मेकॅनिकलचा डिप्लोमा मी दुसऱ्या वर्षाला सोडला. नापास होऊन नाही, कंटाळून. मग धारूरच्या एका गॅरेजात काम मागायला गेलो. तिथले उस्ताद हात पुसत म्हणाले, "कॉलेज कावून सोडलं बे?"

"तिथं इंजिन फळ्यावर काढत होते. दीड वर्षात एक नट हातात दिला न्हाई."

उस्ताद हसले नाहीत. "घरी गाडी हाय?"

"चुलत्याची हाय. बंद पडून लिंबाखाली उभी हाय."

"मग तिचं इंजिन खोल. धू, जोड अन् दसऱ्याला चालवत घेऊन ये. चालवत! दुसऱ्या गाडीला बांधून, टोचन करून आणली तर दारातूनच वापस. केजचा एक जण कवाचा मागं लागलाय. तू न्हाई आला तर जागा त्याची."

घरी येऊन सांगितलं. तात्या म्हणाला, "ती भंगारात द्यायचीय. माणूस येणार हाय न्यायला."

मी म्हणालो, "आला तर आधी तुमाला उचलून देतो."

अण्णा, म्हणजे माझा बाप, हातातला घास हातातच धरून बसला. पण गाडी राहिली!

०

अण्णा तसा गरीब माणूस. त्याचा त्रास वेगळाच. त्याला पसारा बघवत नाही.

इंजिनात पुशरॉड म्हणून आठ लोखंडी काड्या असतात. दिसायला सगळ्या सारख्या, पण झिजलेल्या वेगवेगळ्या. ज्या भोकातली काढली त्याच भोकात परत गेली पाहिजे. मी एका खोक्याला ओळीनं आठ भोकं पाडली, वर आकडे लिहिले आणि एकेक काडी खोचून ठेवली. मग आंघोळीला गेलो.

परत येऊन बघतो तर खोकं चुलीत आणि आठही काड्या सुतळीनं आवळून भिंतीला उभ्या. ज्वारीची पेंढी बांधतात तशी!

"अण्णा, हे काय केलं?"

"आवरून ठेवलं. मोजून घे, आठ भरतेत का न्हाई."

भरल्या ना. अगदी बरोबर आठ भरल्या! मग त्यांची टोकं घासून, झीज बघून, कोणती कुठली ते लावत मी दोन दिवस बसलो. अण्णा दर तासाला येऊन विचारायचा, "एखादी कमी हाय का?"

०

शाळेतले जुने गुरुजी रोज फाटकापाशी थांबून भाषण द्यायचे. गुरुजींना इंजिन कुठून उघडतं तेही माहीत नाही, पण माझं आयुष्य कुठं बिघडलं ते बरोबर ठाऊक!

"हात काळे करून कुणाचं भलं होत नसतंय. तुझ्या बरोबरचे बघ कुठं पोचले."

आठ दिवसांनी भर दुपारी गुरुजी स्कूटर ढकलत आले. घामाघूम. म्हणाले, "बघ बरं जरा, चढावर बंद पडली."

मी दोन्ही हात पुढं केले. "आजच धुतलेत, गुरुजी."

ते माघारी गेले, स्कूटर ढकलतच. बाप चिडला, माय चिडली, भावकी चिडली. मला त्या दिवशी लई भूक लागली. चार भाकरी खाल्ल्या!

०

इंजिन जोडून झालं. आता डिझेलच्या पायपातली हवा काढायची होती. आत हवा राहिली की डिझेल पुढं सरकत नाही आणि इंजिन नुसतंच गुरगुरतं. माझा दोस्त बाळ्या, ज्याची पिठाची गिरणी आहे, तो पंप मारत होता. मी स्क्रू सैल करून बुडबुडे बघत होतो. तात्या खाटेवरनं सुरूच, "ही चालू झाली तर मी मिशी काढीन! कॉलेज जमलं न्हाई, निघाले इंजिनेर!"

बाळ्यानं पंप थांबवला. "हिची हवा काढून झाली. तात्या, या इकडं, तुमची बी काढतो."

आणि मी सेल्फ मारला. दोनदा घुरघुरली, तिसऱ्यांदा धडधडली! पांढरा धूर, मग निळा, मग साफ. लिंबावरचे कावळे उडाले. तात्या उठून घरात गेला.

मिशी अजून आहे.

०

आता शेवटचं.

एवढं झालं तो दिवस अष्टमीचा. राहिले होते फक्त चार नट. हवेच्या फिल्टरचा डबा बसवायचा, चार नट आवळायचे, संपलं. तोवर जिथनं इंजिन हवा ओढतं ते गोल तोंड उघडं होतं. अंधार पडला म्हणून म्हटलं, सकाळी.

सकाळी पान्यांची पेटी जागेवर नाही! शोधत देवघरात गेलो तर माझे सगळे पाने पाटावर मांडलेले. शेजारी विळा, कुऱ्हाड, कोयता. सगळ्यांना हळदकुंकू. खंडेनवमी! त्या दिवशी हत्यारं पूजेला लागतात. दसऱ्याची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही.

"तात्या, चार नट ऱ्हायलेत. एक पाना द्या."

"देवापुढचा पाना उचलणार? हिंमत असली तर उचल!"

मी उचलायला वाकलो. माय आडवी पडली. तिला ओलांडून जाता येईना. बाळ्याकडं पळालो, तर त्याचे पाने गिरणीच्या पट्ट्यापुढं, फुलं वाहून. अख्ख्या गावाचे पाने पूजेत! उस्तादांकडं मागावे, तर ते परीक्षेला जाऊन मास्तरालाच उत्तर विचारल्यासारखं.

दसऱ्याला पहाटेच उठलो. तात्या ताट घेऊन उभा. "आधी गाडीची पूजा, मग पाने. अन् तू आधी आंघोळ कर. पारोसा जवळ येऊ नको."

आंघोळ करून आलो. बॉनेट उघडं. इंजिनावर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, आपट्याची पानं. नारळ फुटलेला. आणि तात्या ड्रायव्हरच्या सीटवर, फेटा बांधून!

"तात्या, थांबा. फिल्टर बसला न्हाई."

"मालक कोण? पहिला सेल्फ मालकाचा!"

चावी फिरली. इंजिनानं एक हिसका घेतला. आतून टक्कन आवाज आला, मग लोखंडावर लोखंड, आणि जाम.

अण्णा बॉनेटमध्ये वाकून बघत होता. पसारा दिसला की त्याचा डोळा तिथंच जातो. म्हणाला, "तात्या, पूजेची सुपारी कुठाय?"

"कुठाय म्हंजे? बसवली की." तात्या खाली उतरला, पुढं आला आणि त्यानं त्या उघड्या गोल तोंडाकडं बोट केलं. "म्हटलं गणपतीला बसायला देवळी बरी हाय."

मग तोही वाकला. आत बघितलं. हात घालून चाचपलं. आणि माझ्याकडं वळून, माझ्यावरच ओरडला,

"गणपती कुठं गेला?"

दोन व्हॉल्व्ह, एक पिस्टन आणि उस्तादांच्या गॅरेजातली जागा गेली.