एनओसी कोणाची?

"आधी सांग, एनओसी कोणाची?" चाचांचं हे वाक्य कशालाही चालायचं. कुणी म्हटलं, पोरीचं लग्न ठरलं, की हे वाक्य. कुणाला डॉक्टरांनी साखर सोडायला सांगितली, तरी हेच. वर उत्तरही स्वतःच द्यायचे, "बायकोची घे."

आखातात, लुसैलच्या आमच्या ऑफिसात चाचा मंदूब होते, म्हणजे कंपनीच्या माणसांचे व्हिसा-परमिटचे कागद सरकारी खिडक्यांवर फिरवणारे. मूळ रत्नागिरीकडचे. एके काळी इथं नोकरी बदलायची तर जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागायचं. आमचे मालक ते द्यायचे नाहीत, आणि तो नकार माणसाच्या कानावर घालायचं काम चाचांचं. ते नकार फार गोडीनं द्यायचे. आधी चहा मागवायचे. त्यामुळे चाचांनी चहा विचारला की माणूस ओळखायचा, नकार आला. पुढे नियम बदलला, एनओसी गेली. चाचांच्या तोंडातून तेवढी गेली नाही.

मी सांगोल्याकडचा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला. हे मी कुणालाही सांगतो, त्यात लाजायचं काय. चाचा मला 'ग्रॅज्युएट' म्हणायचे आणि इंग्रजी वाचायला बसवायचे. वाचायचं काय, तर अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या अफवा. त्यांचा मुलगा इथंच, अल हिलाल वस्तीत वाढला, तिकडे शिकायला गेला आणि कॉलेजच्या टीममध्ये लागला. तिकडचा फुटबॉल हातात धरून पळायचा. ह्याचं काम एवढंच, मधेच मैदानात यायचं आणि लाथ मारून चेंडू दोन खांबांमधून घालवायचा. "सगळे हातानं खेळतात, आमचा एकटा पायानं," असं चाचा अरबी साहेबांनाही समजावून सांगायचे.

शेवटच्या वर्षी मुलाला दुसऱ्या कॉलेजात जायचं होतं. जुनं कॉलेज करार पुढे करून सोडेना. रोज नवी अफवा. हा चालला, हा राहिला, ह्याचं खेळणंच बंद. एका सकाळी मी वाचून दाखवलं की त्यानं कॉलेजवर केस केली. चाचांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "अफवा असेल."

अफवा नव्हती. त्यांनी माझ्यासमोरच मुलाला फोन लावला, स्पीकरवर.

"ज्यांनी बोलावलं, जेवू घातलं, त्यांच्यावर केस? मागे घे. माफी माग, देतील ते एनओसी."

पोराला मराठी कळायची, पण बोलायचा इंग्रजीत. "अब्बा, दे डोन्ट ओन मी," तो म्हणाला. मग जरा थांबून, अडखळत, मराठीत, "तुम्ही किती लोकांना नाय बोललात, अब्बा?"

फोन बंद झाला.

"ओन म्हणजे मालकी ना रे?" चाचांनी विचारलं. जन्मभर फॉर्मवर 'ओनर'चा रकाना भरलेला माणूस. मी हो म्हटलं. त्यांनी दोघांना चहा मागवला, आणि त्या दिवशी चहानंतर काहीच सांगितलं नाही.

कोर्टानं पोराला खेळू दिलं. तिथली शनिवारची रात्र म्हणजे आमची रविवारची सकाळ, आणि इथं रविवार कामाचा. चाचांनी मोबाइल स्टेपलरला टेकवून उभा केला. पोरानं लाथ मारली, चेंडू खांबांमधून गेला. चाचांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "यल्ला, कामाला लागा."

मी म्हटलं, सामना संपला की फोन करा.

"नको, झोपला असेल तो," चाचा म्हणाले. पोरगा स्क्रीनवर उड्या मारत होता.

त्याच वर्षी चाचा निवृत्त झाले. विमानतळावर मीच सोडलं. गाडीत विचारलं, गावी थोडं राहून मग मुलाकडे अमेरिकेला जाणार का.

"त्याची एनओसी लागेल," ते सीटबेल्टशी खटपट करत म्हणाले.

"मागितलीत?"

"नाय अजून." त्यांनी बेल्ट एकदाचा लावला. "मागायला गेलो, आणि त्यानं आधी चहा विचारला तर?"