कूस बदलायचं काम

वृद्धाश्रमाच्या वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्यांची कूस बदलायचं काम मावशीचं. माणूस फार वेळ एकाच कुशीवर राहिला की कातडी लाल होते, मग फाटते. मावशी कुणाला हातानं ओढत नसे. अंगाखालची चादर कडेनं गुंडाळत अंगालगत आणायची आणि ती गुंडाळी धरून माणूस वळवायचा. तिच्या मजल्यावर अजून कुणाची पाठ फुटली नव्हती, याची तिला थोडी मिजासही होती.

परदेशातून वर्षभर शिकायला आलेली मुलगी तिच्या घरी, नोकरीसाठी दूर गेलेल्या मुलाच्या खोलीत राहायला आली.

"खाणारं एक तोंड वाढलं," नवरा म्हणाला. गुडघे गेल्यापासून तो घरीच होता. घर मावशीच्या पगारावर चालायचं.

"वाढू दे. इतकी वर्षं तुमचंच बघतेय."

कॉलेजच्या नियमानुसार मुलीला कुठंतरी बिनपगारी सेवेचं काम करायचं होतं. मावशीच तिला रोज सकाळी आपल्याबरोबर घेऊन जाऊ लागली. शनिवारी मुलगी म्हाताऱ्यांना आपल्या देशातली गाणी ऐकवायची, फोटो दाखवायची. एक मास्तर होते, अंगाला हात लावला की शिव्या द्यायचे. मुलगी त्यांना वळवताना आपल्या भाषेत एक-दोन-तीन म्हणायची. ते ऐकून मास्तर हसायला लागले, मग स्वतःच आकडे म्हणायला लागले. मावशीनं तिला सगळं शिकवलं, अगदी मन लावून.

मग एक दिवस व्यवस्थापक बाईंनी खाली बोलावलं.

"मावशी, सकाळचं आता ती मुलगी बघतेच आहे. तुम्ही फक्त दुपारच्या येत जा. पगार त्या हिशोबानं."

"पण ती तर जाणार आहे परत."

"तिच्या कॉलेजातून आणखी दोघी येताहेत. तुम्हालाही जरा आराम."

रात्री जेवताना मुलगी खुशीत होती. "मावशी, आज मी एकटीनं सगळ्यांना वळवलं."

"पाठ बघितलीस?"

"बघितली. कुणाचीच लाल नाही."

मावशीनं तिला आणखी वाढलं. मुलगी खोलीत गेल्यावर नवरा हळूच म्हणाला, "सांग तिला."

"काय सांगू? तू चांगलं काम करतेस म्हणून माझं गेलं?"

पण सकाळी मावशी घरीच दिसायला लागल्यावर मुलीनं मावशीच्या नवऱ्याला खोदून विचारलं आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. ती तडक बाईंकडे गेली, उद्यापासून येणार नाही म्हणाली. बाईंनी तिचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी त्या दोन नव्या मुली कामाला लागल्या.

दुपारी मावशीला मास्तरांची पाठ लाल दिसायला लागली. आठवडाभरातच एका सकाळी बाईंचा फोन आला. मास्तरांची पाठ फुटली होती. मुली त्यांना खांद्याला धरून ओढत होत्या.

"मावशी, एकदा सकाळी येऊन दाखवून जा ना त्यांना."

"सकाळची पाळी परत देताय का?"

"ते माझ्या हातात नाही. नुसतं दाखवायला काय जातंय तुमचं?"

मुलगी समोरच बसली होती. "जाऊ नका, मावशी. नाही गेलात तर त्यांना तुम्हाला परत घ्यावंच लागेल."

"आणि तोवर मास्तरांनी काय करायचं?"

मावशीनं चपला घातल्या.

मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिनं जखम धुतली, पट्टी बदलली आणि मुलींना जवळ बोलावून सगळं दाखवलं, मग त्यांच्याकडून करून घेतलं. दोघी हुशार होत्या, पटकन शिकल्या.

हात धुऊन ती जिन्याकडे निघाली, तर त्यातली एक मागून आली.

"मावशी, माझे कॉलेजचे सकाळचे तास बुडताहेत. मी दुपारची आले तर चालेल?"

मावशी ओले हात पदराला पुसत राहिली.

"बाईंना विचार," ती म्हणाली.