कॅम्पाच्या चालीतला राहिलेला तुकडा

मी गाव सोडलं त्या दिवशी बाबा बँडच्या ड्रेसात फाट्यावर आले होते. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी आणि वर मे महिन्याचं ऊन. दुपारी मुरबाडला लग्नाची सुपारी होती, म्हणून घरूनच तयार होऊन निघालेले. वैशाखऱ्याच्या फाट्यावर कल्याणची एसटी थांबली तेव्हा आतल्या लोकांना वाटलं, वरातच चढतेय. मी लाजेनं अर्धी झाले. इंग्लंडला शिकायला निघालेली मुलगी मी, नवी बॅग, नवा ड्रेस, आणि शेजारी बाप असा!

"बाबा, टोपी तरी काढा," मी म्हटलं.

"का गो? तू चाललीस म्हणून मी काय सुतकात येऊ?"

मग त्यांनी ट्रम्पेट ओठाला लावला आणि कॅम्पाची चाल धरली. मधला एक तुकडा तीनदा वाजवला, आणि तिसऱ्यांदा वाजवता वाजवता डाव्या हाताचं बोट माझ्या पाठीला लावलं. मी पायरी चढले. खिडकीतून पाहिलं तर ते ओरडून सांगत होते, "गोऱ्यांच्या देशात चाललीस. आपल्या चालीचा राहिलेला तुकडा कुठं भेटतो का बघ!"

आमच्याकडच्यांना हे नव्यानं सांगायला नको. पण माझ्यासारखे जे लांब गेलेत आणि ज्यांची पोरं आता इंग्रजीत भांडतात, त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या लढाईच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ गोऱ्या सोल्जरांची छावणी होती. माझा आजा तिथं भांडी घासायला होता. छावणी उठली तेव्हा तो तीन वस्तू घेऊन घरी आला: पोचा पडलेला ट्रम्पेट, चावीचा ग्रामोफोन आणि एक तबकडी. तिच्यावरचा कागद धुऊन निघालेला, त्यामुळं गाणं कुठलं, वाजवणारे कोण, काही पत्ता नाही. आजा तिला कॅम्पाची चाल म्हणायचा.

त्या तबकडीला एक चरा होता. सुई तिथं आली की अडकायची आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजायचा. आजा दोनदा वाट बघायचा, तिसऱ्या फेरीला बोटानं सुई पुढं ढकलायचा. सुई टुणकन उडी मारून लांब जाऊन पडायची. मधलं जे राहिलं ते राहिलंच. आजा ट्रम्पेट शिकला तो याच तबकडीवरून, त्यामुळं शिकला तोही असाच, तीनदा अडकून.

पुढं आमच्या लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि आजानं गावकीचा ढोल खाली ठेवला तो कायमचा. "हुकमानं वाजवायचं नाय. आपल्या मर्जीनं वाजवायचं," म्हणाला आणि बँड उभा केला. ज्यांच्या दारात आधी खाली बसावं लागे, तेच आता मान देऊन बोलवायला आले. नवरी निघताना हा बँड कॅम्पाची चाल वाजवायचा. तुकडा अडकला की नवरी उंबऱ्यावर थांबायची. एकदा मागं बघायची, दोनदा बघायची, आणि तिसऱ्यांदा बापानं तिच्या पाठीला बोट लावलं की पाऊल बाहेर. आमच्या वैशाखरे, टोकावड्याच्या बाजूला आजही असंच चालतं. कुणाला विचारा, म्हणतील, पूर्वीपासूनची रीत आहे. कसली पूर्वीपासूनची! चरा पडलेल्या तबकडीची रीत ती.

बाबा लहान असतानाच ती तबकडी पडून फुटली. पण त्यांच्या मनातून तो राहिलेला तुकडा कधी गेला नाही. साठ वर्षं एकच चाल वाजवायची आणि तिच्या पोटात काय आहे ते ठाऊक नाही, हे त्यांना फार लागायचं. जेवता जेवता मध्येच म्हणायचे, "काय असंल गो तिथं?" आय चिडायची. "तुमच्या ताटात वाल आहेत, ते बघा आधी," म्हणायची.

इंग्लंडमध्ये मला नोकरी लागली ती जुन्या ध्वनिमुद्रणांच्या संग्रहात. मी आवाज साफ करते. सुट्टीत आले की आत्या विचारते, "म्हणजे काय गो, तिकडं लोकांचे कान धुतेस?" थोडंफार तसंच. लढाईच्या वर्षांतल्या हजारो तबकड्या आमच्याकडं आहेत. स्विंग म्हणतात त्या संगीताला. पंधरा-वीस माणसांचा ताफा, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, ड्रम, सगळे एका दमात उसळणारे. छावण्यांतल्या सोल्जरांना दोन घटका विसर पडावा म्हणून ह्या तबकड्या जगभर पाठवलेल्या. ऐकून नाचलेल्या त्या पोरांपैकी किती घरी परतली कोण जाणे. पण वाजतं असं की पाय गप्प राहत नाहीत.

सतरा वर्षं मी ऐकत होते, आणि खरं सांगते, नंतर नंतर शोधायचं सोडून दिलं होतं. इकडं फोनवर बाबांचं "काय? मोठ्यानं बोल!" वाढत चाललेलं. डॉक्टर म्हणाले, उजवा कान गेला, डावाही फार दिवसांचा नाही. ते कळलं तेव्हा माझा जीव थाऱ्यावर राहिना. आता सापडून तरी काय उपयोग, असंही वाटायचं आणि त्या वाटण्याचीच लाज वाटायची.

आणि एका सकाळी, चहाचा कप बाजूला ठेवून मी एक तबकडी लावली. पहिल्या चार सुरांतच ओळख पटली. कॅम्पाची चाल! आमच्या बँडपेक्षा दुप्पट जोरात, पण तीच. अडकायची जागा जवळ आली तशी मी उभीच राहिले. आणि ती अडकली नाही. सरळ पुढं गेली. काळोखात जिना उतरताना शेवटची पायरी नाही हे पाय टेकल्यावर कळतं, तसं झालं मला. पुढचं काही ऐकू आलं नाही, इतकी रडले. माझी वरिष्ठ बाई धावत आली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, वडलांसाठी एक प्रत घेऊन जा, उशीर करू नकोस.

आठवडाभर खपून मी ती प्रत घासूनपुसून लखलखीत केली. खरखर नाही, टकटक नाही. मोठ्या ऐटीत गावी आले. बाबांना ओटीवर बसवलं, डाव्या कानावर हेडफोन लावला. त्यांनी डोळे मिटले, जरा वेळ ऐकलं आणि हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"हे नाय ते."

"बाबा, तेच आहे!"

"नाय गो. हे कुणी नवीन पोरांनी वाजवलंय."

माझं तोंड एवढंसं झालं. मग ट्यूब पेटली. त्यांनी लहानपणी ऐकली होती ती खरखरीसकट. मी शहाणीनं नेमकी ती खरखरच धुऊन टाकली होती. नशीब, साफ करायच्या आधीची नक्कल लॅपटॉपमध्ये होती. ती लावली. सुईची खरखर सुरू झाली आणि एक सूर वाजायच्या आधीच बाबा म्हणाले, "हां. आली."

अडकायची जागा आली. त्यांचं बोट आपोआप वर उठलं, हवेत तसंच राहिलं, आणि चाल पुढं निघून गेली. मग तो राहिलेला तुकडा. एकटा ट्रम्पेट, बाकी सगळे गप्प. अर्धं मिनिटसुद्धा नसेल. कुणीतरी लांब उभं राहून हळू आवाजात विचारपूस करावी तसा. बाबांच्या गालावरून पाणी आलं. ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी तो तुकडा त्या दिवशी अकरा वेळा ऐकला.

चहा पिताना म्हणाले, "ग्वाड आहे. पण ते थांबलेच नाईत. थांबायला पायजे होतं. आपल्याकडं अडकली म्हणून बरं, नायतर पोरींना उंबऱ्यावर मागं बघायला टाइमच मिळाला नसता."

महिन्यानं मी निघाले. बाबा फाट्यावर आले, ह्या वेळी साध्या सदऱ्यात. पुढचे दात गेल्यापासून ट्रम्पेट वाजत नाही. एसटी आली, मी पायरीशी उभी राहिले आणि त्यांनी तोंडानं चाल धरली. तुकडा आला. एकदा. दोनदा. तीनदा. मी पाठ ताठ करून वाट बघत राहिले. बोट आलं नाही. चौथ्यांदा तोच तुकडा सुरू झाला.

कंडक्टर टोकावड्याचा, त्याला रीत ठाऊक. तो दारातून म्हणाला, "काका, लावा ना बोट. गाडी लेट होतेय."

"लावतो रे. घाई काय," बाबा म्हणाले आणि पाचव्यांदा सुरू केलं.

तिकडं मला लोक विचारतात, तुझं घर कुठं? इतकी वर्षं मी जिल्ह्याचं नाव सांगायची, नाहीतर मुंबईजवळ म्हणून मोकळी व्हायची. आता विचारलं तर सांगेन, जिथं माझ्या पाठीला बोट लावायला एका माणसाचा हात धजत नाही, तिथं.

पाचवी फेरी संपत आली. मी मागं वळले, बाबांचा हात धरला, आणि त्यांचं बोट मीच माझ्या खांद्याला टेकवलं. मग पायरी चढले.