सोन्याच्या दातावरचं कुंकू

सुचिता, लिह्य बाई, कय्यूमचं लिह्य. तुही आजी जसं बोलते तसंच लिह्य, तुह्या कॉलेजसारखं करू नको.

हा कय्यूम आपल्या रोहिणखेडचाच. त्याचा बाप रेडूवाला, गाने-बातम्या वाजनारे रेडू दुरुस्त करे. मशिदीकडं जाच्या रस्त्याले त्याचं टीनाचं दुकान होतं, अख्ख्या गावाचे रेडू तिथं पोटं उघडी टाकून पडलेले राहेत. कय्यूम बापाच्या पायापाशी बसून शिकला. मंग बाप गेला, रेडू गेले, दुकानाले कुलूप लागलं. तवापासून हा सकाळच्या एस्टीनं मलकापूरले जाये, दुसऱ्याच्या दुकानात कम्प्युटर दुरुस्त कराले. वीस वर्षं झाले. सडपातळ मानूस, शर्टाच्या खिशात इस्क्रू खोलाचा पेचकस, अन् इस्क्रू ठेवाले सुपारीचा डबा. बोलनं कमी. मले कमी बोलनारा मानूस खपत नाई. जो बोलत नाई, तो मनात काय करून राह्यला, कसं समजावं?

त्याच्या मनात एकच होतं, बापाचं दुकान उघडाचं. ते मले त्याच्या बायकोनं, गुलनारनं सांगतलं, मिरच्या वाळू घालता घालता. ग्रामपंचायत अभ्यासिकेसाठी पाच कम्प्युटर घेनार होती. एक एक भाग आनून ते जुळवाचं काम कय्यूमले भेटलं, तं त्याले गावातच बसता आलं असतं. पन सरपंच आशाबाई म्हनली, "आंधी एक करून दाखव. दोन महिने चालला, तं मंग पाच."

तो एक म्हंजे तुहा. तुले लग्नाच्या पत्रिका अन् बॅनर बनवाले पाह्यजे होता ना, तोच.

दसऱ्याच्या दिवशी तो खोके घेऊन आला. म्या म्हनलं, दिवस चांगला हाय. ओसरीत पेपर अंथरले अन् एकेक सामान काढत गेला. मी सुपारी कातरत समोर बसली, पन डोये त्याच्या हातावर. तं काय पाह्यतो, कशालेही हात लावाच्या आंधी हा मानूस खिडकीच्या लोखंडी गजाले हात लावे. दर खेपी. गजाले हात, मंग सामानाले हात.

म्या इचारलं, "काऊन रे, मंतर टाकून राह्यला का?"

"नाई मावशी. आंगात जरासा करंट राह्यते. तो गजात उतरवून देतो."

आंगात करंट! सत्तर वर्षं झाले, माह्या आंगात तं कधी करंट आला नाई. म्या मनात गाठ मारून ठेवली.

त्यात आदल्याच दिवशी सोनाळ्याहून माह्या बहिनीचा, भिमाबाईचा फोन आल्ता. ती म्हने, "बाई, कम्प्युटरात सोनं राह्यते. हे लोक चांगला तुकडा काढून खिशात घालतात अन् जुना बसवतात. ध्यान ठेवजो." अन् खरंच, कय्यूमनं दोन हिरव्या पट्ट्या काढल्या, बोटभर रुंद, अन् त्याच्या काठाले बारीक बारीक दात, सोन्याचे! पिवळे झक्क!

"मावशी, ही याची याददाश्त हाय, मेमरी. दाताले बोट लावू नका बरं," असं म्हनून तो नमाजले गेला. तू किरान्याच्या दुकानात गेल्ती, तुही माय चुलीपाशी. ओसरीत मी, अन् त्या दोन पट्ट्या.

आता सांग, दसऱ्याले आपन इळा पुजतो, शिवन-मशीन पुजतो, मिक्सर पुजतो. हे काऊन नाई पुजाचं? म्या तेलात कुंकू कालवलं अन् एका पट्टीच्या कोपऱ्यातल्या दाताले बारीकशी टिकली लावली. पूजेची पूजा झाली, अन् खुनेची खून. उद्या यानं पट्टी बदलली, तं टिकली सांगनार. मंग पदरानं वरवर पुसली, म्हंजे त्याले दिसू नाई. तो आला तवा लाइन गेल्ती, दिवस बुडून राह्यला होता. मोबाइलच्या उजेडात त्यानं दोन्ही पट्ट्या बसवल्या, टक्कन आवाज आला, झालं.

आठ दिवस कम्प्युटर बरा चालला. मंग एका दुपारी तू पत्रिका करून राह्यली होती, तं नवरदेवाचं नाव अर्धं उमटलं अन् सारं जागच्या जागी थिजलं. पडद्यावरचा बान हालेना. मंग आपोआप बंद, आपोआप चालू. तू रडकुंडीले आली. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी एकदाही नाई. असा लबाड रोग मी कधी पाह्यला नाई, बाई. ताप तरी रोज येते.

म्या लगेच म्हनलं, "जुना माल घातला त्यानं. नमाजले गेलता, तवाच खिशातून अदलाबदल केली असंन."

तू म्हनली, "आजी, सामान ओसरीत होतं, तो मशिदीत होता. अदलाबदल कशी करंन?"

"आल्यावर केली असंन! अंधार काऊन होऊ देल्ला मंग?"

कय्यूम आला. गजाले हात लावला, झाकन उघडलं. म्हने, गरम होत असंन. पंखा पाह्यला, तं पंखा बरा होता. तरी कम्प्युटर भिंतीपासून हातभर सरकवून गेला. दोन दिवसांनी पुन्हा थिजला. पुन्हा आला, या खेपी मीटर घेऊन. भिंतीतल्या लाइनीत काड्या खुपसल्या अन् शेजारच्या कारभारीले हाक मारून इचारलं, "कारभारीभाऊ, तुमची घरघंटी किती वाजता चालते?" कारभारी भडकला, "काऊन बे, माह्या घंटीवर आळ घेतं का? तिनं गावभराचं दळलं, कोनाचं कम्प्युटर नाई दळलं!" तरी कय्यूमनं घंटी चालू कराले लावली, बंद कराले लावली, आकडे वहीत लिहून घेतले. लाइन चांगली. मंग कम्प्युटरच्या पोटातला विजेचा डबा बदलून पाह्यला, स्वतःच्या घरचा आनून. तरी तेच.

मी खाटेवर बसून तो काढे तितके इस्क्रू मोजत होती. एक कमी भरला, तं म्या बोंब मारली. तो माह्याच लुगड्याच्या घडीत सापडला.

पन तोवर माह्या तोंडानं काम करून टाकलं होतं. गिरनीवर, हापशीवर, जिथं बाई भेटली तिथं म्या सांगतलं, कय्यूम जुना माल घालते. गुलनार मिरच्या घ्याले यायची बंद झाली. आशाबाईच्या कानावर गेलं. मंग ऐकू आलं, की सोमवारच्या सभेत पाच कम्प्युटरचं काम मलकापूरच्या एका दुकानाले देनार.

सोमवारी सकाळी कय्यूम सुट्टी टाकून आला. दाढी वाढलेली. आशाबाई स्वतः पाहाले आली, कारभारीही ओट्यावर येऊन बसला. कय्यूम म्हनला, "ताई, सारं तपासलं. राह्यली फक्त याददाश्त. एक पट्टी काढतो, एकीवरच चालवतो. मंग दुसरीवर. जिच्यावर थिजंन, ती चोर."

एक पट्टी काढून बाजूले ठेवली. कम्प्युटर तासभर चालला, थिजला नाई. आशाबाईनं दोन कप चहा पेला. मंग आतली काढून बाजूले ठेवलेली लावली. चार मिनिटं नाई झाले, अन् थिजला.

"हे पाहा," म्या म्हनलं, "हीच! हीच जुनी हाय!"

कय्यूमनं ती पट्टी काढली अन् दारात, उन्हात धरली. मीही वाकून पाह्यलं. कोपऱ्यातल्या दातावर लाल. तेल आजूबाजूच्या दाताईवर पसरलेलं, त्याच्यावर धूळ बसून काळा थर झालेला.

माही टिकली. पट्टी तीच होती. त्यानं काहीच बदललं नव्हतं.

कय्यूमनं पट्टीकडं पाह्यलं, मंग माह्या कपायावरच्या कुंकवाकडं. सारं समजला तो. तुह्या कंपासातला खोडरबर मांगितला अन् दात घासत बसला, हळू हळू, जसं लेकराचं नाक पुसावं. पट्टी पुन्हा बसवली. कम्प्युटर चालू झाला.

आशाबाई म्हनली, "काय होतं रे?"

"दाताले मळ लागला होता, ताई. बसवतानी मी पाह्यलं नाई. माहीच गलती."

"म्हंजे चूक तुहीच ना?"

"हाव."

"मंग पाच कम्प्युटर तुह्या भरोशावर कसे सोपवू मी?" ती चपला घालाले उठली.

खरं सांगतो, तवाही माह्या मनात पहिले हेच आलं, यानं आळ आपल्यावर काऊन घेतला? याले माह्याकडून काय पाह्यजे? म्या त्याच्या तोंडाकडं पाह्यलं. तो इस्क्रू डब्यात टाकून राह्यला होता, एकेक. बापाच्या दुकानाचं कुलूप त्याच्या डोयात दिसत होतं.

"आशे, थांब," म्या म्हनलं. "तो मळ नाई. कुंकू हाय. म्या लावलं."

कारभारी खो खो हासला. "काकू, माह्या घंटीले चोर ठरवलं, अन् चोर तुमच्या करंड्यात!"

"तू गप रे. आशे, यानं सांगतलं होतं, दाताले हात लावू नका. म्या खून म्हनून लावलं, हा बदलते का ते पाहाले. नाई बदललं यानं. ते मी गावभर उलटं सांगत फिरली."

आशाबाई एक चप्पल पायात, एक हातात, अशीच उभी. "काकू, आता गावभर सुलटं सांगत फिरसान का?"

"आजच. गिरनीपासून सुरू करतो."

फिरली मी. लाज वाटली, पन फिरली. गुलनारच्या दारात पहिले गेली. तिनं पानी देल्लं, बसा म्हनलं नाई. मी उभ्यानं पेली.

त्या दिवशी सभेत आशाबाईनं दोन महिन्यांची अट सोडली अन् काम कय्यूमले भेटलं. बापाच्या दुकानाची किल्ली कुठंच सापडली नाई, कुलूप तोडा लागलं.

पाच कम्प्युटर जुळले, तवा अभ्यासिकेत पूजेले मलेच बोलावलं. कय्यूमनं आंधी पाचही झाकनं लावली, इस्क्रू आवळले, खिडकीच्या गजाले हात लावला अन् थाळी माह्या हातात देल्ली. "घ्या मावशी, आता वरून पाह्यजे तितकं लावा."

म्या लावलं. अन् लावता लावता इस्क्रू मोजले. बराबर होते.