जीन बसवणारी मुलगी

मुलगी बघायला जाऊन माणूस किती माती खाऊ शकतो? माझ्याकडे बघा!

धरणगावात माझं दुकान. कापसातून सरकी वेगळी करणारा कारखाना म्हणजे आमच्याकडे 'जीन'. त्या जीनचे पट्टे आणि बेअरिंग मी विकतो. झोपेतसुद्धा डोक्यात तेच!

तर माझे काका, म्हणजे नाना, मला घेऊन पारोळ्याला निघाले. वाटेतच बजावलं, "तोंड जरा कमी उघाडजो!"

पोहे आले. समोर प्रज्ञा येऊन बसली. मी विचारलं, "काय करता?"

"कापसाच्या जीनवर काम करते."

अहो, कळीच खुलली माझी! आपल्याच लाइनीतली निघाली!

"म्हणजे नेमकं काय?"

"दुसरीकडचा जीन काढायचा आणि कापसात बसवायचा."

अख्खा कारखाना उचलून शेतात? "माणसं किती लागतात हो?"

"मी एकटीच करते."

मी तिच्या मनगटाकडे बघितलं. काडी हो, काडी! "जड नाही जात?"

"छे! तो डोळ्यांना दिसतसुद्धा नाही."

"धुळीनं! आमच्याकडेही तेच. तोंडाला फडकं बांधत जा."

"मास्क असतो," ती गोंधळून म्हणाली. "पण एकदा जीन नीट बसला ना, की ते झाड खाणारी बोंडअळी मरते."

"वा! आणि बेअरिंग कुणाकडून घेता?" मी खिशातून कार्ड काढून पुढे केलं.

तिच्या वडिलांना चहाचा ठसका लागला.

"अहो, तो जीन नाही! पेशीतला जीन. आई-बापाचे गुण ज्यातून पोरांत उतरतात, तो! आमची प्रज्ञा लॅबमध्ये एका जिवाणूचा जीन कापसाच्या पेशीत घालते आणि त्या पेशीपासून रोप वाढवते."

नाना पंख्याकडे बघायला लागले. आता तरी मी गप्प बसावं ना? नाही!

"माहितीये हो, गंमत केली! मग लग्नाआधी माझ्यातलाही एखादा खराब जीन बदलून टाका की!"

प्रज्ञा अगदी गंभीरपणे म्हणाली, "कोणता? आधी नेमका शोधावा लागतो."

मी तोंड उघडायच्या आत नाना कडाडले, "पोरी, शोधत नको बसू. बठ्ठाच बदली टाक, अख्खाच्या अख्खा!"

घर हसून लोळलं. मी कार्ड गुपचूप खिशात घातलं आणि उरलेले पोहे मान खाली घालून संपवले.

आणि काय सांगू, दोनच दिवसांत होकार! मी आपला हवेत. म्हटलं, बोलण्यावर भाळली पोरगी.

लग्नानंतर एकदा ऐटीत विचारलंच, "काय गं, माझ्यात काय आवडलं तुला?"

"तुमच्यात?" ती म्हणाली. "मला नाना आवडले. म्हटलं, त्या घरात निदान एक माणूस तरी शुद्धीवर आहे!"